पितळेच्या तपेलीची मिसल

मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील डोणगावात, जेथे खरिपाचे सोयाबीन आणि तुरीचे भाव यांखेरीज दुसरा विषय ओसरीवर सहसा टिकत नाही, तेथे यकृताच्या एका नामशेष होत आलेल्या बालरोगावर दोन जाणत्या माणसांचा जो वाद मी ऐकला, तो जमेल तितका जसाच्या तसा येथे उतरून काढीत आहे. वादी-प्रतिवादींची नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. एक गृहस्थ मेहकरच्या दिवाणी न्यायालयात नाझर म्हणून हयात घालवून निवृत्त झालेले, आणि समन्स-जप्ती-दाखल्यांची भाषा निवृत्तीनंतरही जिभेवरून न उतरलेले. दुसरी त्यांची पुतणी, पुण्यात बालरोगांची चिकित्सा करणारी. दोघांच्या बोलण्यातले वऱ्हाडी वळण मी बहुतेक ठिकाणी पुसून टाकले आहे, एवढी सूट वाचकांनी मला द्यावी.

निमित्त झाले ते एका तपेलीचे. माळा आवरताना काकूंच्या हाती ती लागली : भंडाऱ्याच्या घडणीची, जाड बुडाची, काठावर ठोक्यांच्या बारीक खुणा असलेली, आणि आतली कल्हई तळाशी साफ उडून कडेला तेवढी करड्या पट्ट्यांनी शिल्लक राहिलेली. पुण्याहून नातसून आपल्या आठ महिन्यांच्या मुलाला घेऊन यायची होती; तेव्हा ही तपेली चिंचेने घासून लखलखीत करावी आणि पणतवाचे वरचे दूध तिच्यातच तापवावे, कारण हल्ली शहरातले शिकलेले लोकही स्टील टाकून पितळेकडे वळू लागले आहेत, असे काकूंचे म्हणणे. ‘काकू, एवढे मात्र करू नका,’ असे पुतणी म्हणाली, आणि नाझरसाहेबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

नाझर : बाई, ज्या भांड्यात या घराच्या तीन पिढ्यांचे दूध तापले, त्याला तू एका वाक्यात हद्दपार करतेस. आमच्या कचेरीत आरोपीची कैफियत ऐकल्यावाचून हुकूम होत नसे. फिर्याद काय आहे, ती तरी वाचून दाखव.

डॉक्टर : फिर्याद फार जुनी आहे, काका. १८८७ साली कलकत्त्याच्या सेन यांनी बालकांच्या यकृतवृद्धीची नोंद केली, आणि पुढे शंभर वर्षे देशभरच्या डॉक्टरांनी ती पुन्हापुन्हा केली. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतचे, बहुधा एक ते तीन वर्षांचे मूल, तोवर बाळसेदार, एकाएकी किरकिरे होते. अंगात बारीक ताप राहतो, पोट पुढे येते, आणि चाचपून पाहावे तो उजव्या बरगडीखाली यकृताची टणक, पातळ, धारदार कड बोटांना लागते. मग कावीळ, मग पोटात पाणी, आणि बहुधा काही महिन्यांत सारे आटोपते. पुस्तकात याला भारतीय बालयकृत्काठिण्य म्हणतात. घरोघर नुसते ‘पोराला लिव्हर झाली’ म्हणत.

नाझर : ते तू मला सांगायला नको. पुढे चल. तपेलीचे नाव या फिर्यादीत आले कोठून?

डॉक्टर : यकृताच्या तुकड्यातून. बरगड्यांमधून पोकळ सुई घालून यकृताचा सुतळीएवढा तुकडा काढतात, त्याचे पातळ काप करतात आणि ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. १९७८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील मंडळींनी हे काप ऑर्सीन नावाच्या रंगाने रंगविले, तेव्हा पेशीपेशीत गडद तपकिरी कण दिसले. तांबे धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे ते कण. मग तांबे मोजले. निरोगी यकृताच्या दर ग्रॅम सुक्या वजनात ते साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. या मुलांत हजार, दोन हजार आणि त्याहूनही वर निघाले.

नाझर : म्हणजे मुद्देमाल घरात सापडला. पण मुद्देमाल सापडला म्हणजे चोरी शाबीत होत नाही. यकृताचे काम काय? तूच मागे सांगितले होतेस, की नको असलेले तांबे ते पित्तावाटे बाहेर टाकते. मग यकृत दुसऱ्याच कशाने आधी बिघडले आणि पित्ताची वाट तुंबली म्हणून तांबे साठले, असे का नसेल? तांबे हा खुनी नसून मयताच्या अंगावरचा दागिना असेल.

या आक्षेपाला मी मनोमन दाद दिली, आणि डॉक्टरीणबाईंनी तर उघड दिली.

डॉक्टर : हाच आक्षेप तेव्हा तज्ज्ञांनी घेतला होता, काका, आणि तो खोटा नव्हता. पित्त तुंबणाऱ्या इतर विकारांतही यकृतात तांबे साचते. मात्र एवढे, आणि इतक्या लवकर, कावीळ दिसायच्याही आधी, साचत नाही. तरी एवढ्यावर कोणी हुकूमनामा लिहिला नाही. तांबे आले कोठून, याचा तपास करावा लागला, आणि तो झाला पुण्याला, केईएम रुग्णालयात. डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्यासोबत इंग्लंडहून आलेले डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आयांना विचारले, की बाळाला वरचे दूध कधी सुरू केले, कोणते, आणि ते कशात तापविले व कशात ठेवले. पीडित मुलांना वरचे दूध लवकर सुरू झाले होते, आणि ते पितळेच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवलेले होते. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आले.

नाझर : जिचे मूल दगावले, ती बाई प्रत्येक घोट आठवून सांगणार. जिचे मूल अंगणात खेळते आहे, ती ‘असेल कशात तरी’ म्हणणार. अशा जबानीवर मी साधे घरभाडेसुद्धा वसूल करू दिले नसते.

डॉक्टर : म्हणूनच १९८७ मध्ये प्रत्येक पीडित मुलामागे जोडीचे निरोगी मूल धरून दोघांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध झाली. आणि माणसाची आठवण फसवी असली तरी दुधाची फसवी नसते. पितळेत दूध तापवून, ठेवून, त्यातले तांबे प्रयोगशाळेत मोजता येते, आणि ते मोजले गेले. दुधातले केसिन हे प्रथिन धातूच्या पृष्ठभागावरचे तांबे ओढून घट्ट धरते. त्याच भांड्यात साधे पाणी ठेवले तर एवढे तांबे उतरत नाही.

नाझर : आणि आमच्या म्हाताऱ्या माणसांना काहीच कळत नव्हते? पितळेत ताक कळकते, चिंचेचे सार कळकते, म्हणून ते दगडीत नाहीतर मातीच्या भांड्यात ठेवायचे, हे माझ्या आईला कोणत्या ‘लॅन्सेट’ने शिकविले होते? आठवडी बाजाराला कल्हईवाला आला की अर्ध्या घराची भांडी उकिरड्यापलीकडच्या लिंबाखाली जात. खड्ड्यात कोळसे, वर भाता. तापल्या भांड्यात नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर, मग कथलाची कांडी, आणि कापसाच्या बोळ्याने एक फेर दिला की आतून चांदी. हे सगळे अज्ञानाचे लक्षण का?

डॉक्टर : अज्ञानाचे मुळीच नाही. आजीचे ज्ञान जिभेवर आणि डोळ्यांवर उभे होते. ताक हिरवटते, तोंडाला कळते, उमासा येतो. म्हणून ताकाविरुद्ध ती सावध राहिली. दूध गोड. त्यात तांबे उतरले तरी ते हिरवे होत नाही, मोठ्या माणसाला बाधत नाही, आणि ज्याला बाधते त्याला बोलता येत नाही. शिवाय बाधा आज घेतलेल्या घोटाची आज दिसत नाही. महिनेच्या महिने साठत जाऊन दिसते. असा शत्रू घरच्या शहाणपणाला दिसेल कसा? त्यासाठी शंभर घरांतल्या आया एका ठिकाणी बसवून विचाराव्या लागतात. आणि कल्हईचे म्हणाल तर तीच तपेलीचा खरा जामीन होती. ती उडाली, कल्हईवाला यायचा राहिला किंवा पैशाची ओढ पडली, की जामीन गेला.

नाझरसाहेब काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी तपेली उचलून आतल्या करड्या पट्ट्यांवरून अंगठा फिरविला, आणि आतापर्यंत ज्या स्वरात कायदा बोलत होता त्याहून खालच्या स्वरात ते बोलू लागले.

नाझर : तुझ्या थोरल्या काकांचा पहिला मुलगा याच ओसरीवर गेला, हे तुला कोणी सांगितले नसेल. दीड वर्षाचा होता. सुनेला दूध पुरत नाही म्हणून आईने चौथ्या महिन्यापासून त्याला वरचे सुरू केले होते. घरच्या गाईचे, धारोष्ण काढून याच तपेलीत तापविलेले, आणि पोर रात्री केव्हाही उठेल म्हणून चुलीच्या उबेला सकाळपर्यंत ठेवलेले. मेहकर झाले, अकोला झाले, मद्रासच्या जम्मींचे लिव्हरचे औषध पोस्टाने मागवून झाले. गरिबाच्या घरी गाय नव्हती, पितळ नव्हते; त्यांची पोरे अंगावर वाढली आणि जगली. आमच्याकडे दोन्ही होते. आता तू पुण्याहून येऊन सांगतेस, की माझ्या आईने त्याला…

डॉक्टर : असे मी म्हणत नाही, काका.

नाझर : तुझा पुरावा म्हणतो.

येथे काकू चहा घेऊन आल्या, आणि ‘झालं ते झालं, आता पोरगं येऊन राह्यलं त्याचं बोला’ एवढे बोलून आत गेल्या. नाझरसाहेबांचा पुराव्याविषयीचा काटेकोरपणा कोठून येत होता हे मला तेव्हा उमगले. तथापि त्यामुळे त्यांचे आक्षेप दुबळे ठरत नाहीत, आणि पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी सर्वांत बिनतोड आक्षेप काढला.

नाझर : बरे, आता असे सांग. त्याच तपेलीतले दूध मी प्यालो, तुझा बाप प्याला, आमच्या दोघी बहिणी प्यायल्या. एकाच घरात, एकाच चुलीवर पाच मुले आणि रोग एकालाच. विष असते तर पाचांना लागले असते.

डॉक्टर : या प्रश्नाला माझ्यापाशी पुरे उत्तर नाही, अर्धे आहे. एकाच घरातल्या एकाहून अधिक भावंडांना हा रोग झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत आणि मुलींपेक्षा मुलगे त्यात अधिक सापडत; त्यावरून रक्तातही काही दोष असावा, असे वाटते. मात्र हा आपल्याकडचाच शाप म्हणाल तर तसेही नाही. ऑस्ट्रियाच्या पश्चिमेला तिरोल म्हणून डोंगराळ मुलूख आहे. तेथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अगदी अशाच यकृतविकाराने गेल्याचे १९९६ साली दाखविण्यात आले. तेथेही गाईचे दूध, तेही कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापविलेले. रोगाची वंशावळ मांडली तेव्हा तो आईबाप दोघांकडून आलेल्या सुप्त दोषासारखा उतरलेला दिसला. पण भांडी बदलली आणि रोग थांबला. रक्त तेच राहिले.

नाझर : म्हणजे आरोपी दोन. एक रक्तातला, दुसरा चुलीवरचा.

डॉक्टर : आणि पहिल्याला पकडता येत नाही म्हणून दुसऱ्याला सोडायचे, असे होत नाही. शिवाय अर्भकाचे यकृत जन्मतःच तांब्याने भरलेले असते, मोठ्या माणसाच्या कितीतरी पट. पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची शक्ती पहिल्या महिन्यांत कोवळी असते. नेमक्या त्याच महिन्यांत वरून भर पडली, तर ती पाच वर्षांच्या मुलाला सोसेल तशी चार महिन्यांच्या मुलाला सोसत नाही. तुमचे वरचे दूध कधी सुरू झाले, हे आजीला विचारायला हवे होते.

नाझर : मी दोन वर्षे अंगावर प्यालो, असे ती सांगे. पण तुझ्या विरुद्ध पक्षाकडे काहीच दस्तऐवज नाहीत का?

डॉक्टर : आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या तीन गावांच्या पाण्यात तांबे लिटरमागे आठ मिलिग्रॅमहून वर होते. जागतिक आरोग्य संघटना दोन मिलिग्रॅमची मर्यादा सांगते. तेथे सहा वर्षांखालील मुलांची चौसष्ट हजारांवर बालवर्षे तपासली, आणि यकृत्काठिण्याने गेलेले एकही मूल आढळले नाही. हे १९९४ साली छापले गेले. आपल्याकडेही उत्तरेतल्या काही अभ्यासकांना पितळेचा संबंध दिसला नाही.

उत्तरेकडच्या अभ्यासाचा उल्लेख डॉक्टरीणबाईंनी जरा घाईने केला, असे मला वाटले. नाझरसाहेबांच्याही ते ध्यानात आले असावे, कारण त्यांनी बोटाने ओसरीच्या फरशीवर काहीतरी लिहिल्यासारखे केले.

नाझर : हे आधी का नाही सांगितलेस?

डॉक्टर : तुम्ही विचारले नाही म्हणून. पण आता माझा शेवटचा साक्षीदार ऐका. तांबेच मूळ असेल, तर तांबे काढले की रोग हटला पाहिजे. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी विल्सनच्या रोगावर, म्हणजे तांबे साठविणाऱ्या दुसऱ्या एका जन्मजात विकारावर, पेनिसिलामाइन आणले; हे औषध शरीरातल्या तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर नेते. पुण्याच्या मंडळींनी ते या मुलांना देऊन पाहिले आणि १९८७ मध्ये त्याचा वृत्तांत दिला. ज्यांचा रोग फार पुढे गेला होता, त्यांना औषधाने तारले नाही. ज्यांना आधीच्या पायरीवर मिळाले, त्यांच्यापैकी काही जगली. जो रोग जवळपास सगळ्यांना नेत होता, त्यात हे थोडे नव्हे. १९९६ साली डॉ. आशिष बावडेकर आणि याच मंडळींनी वर्षानुवर्षे जगलेल्या मुलांचे सुईने काढलेले तुकडे क्रमाने मांडले : वळलेले, व्रणांनी भरलेले यकृत हळूहळू निवत गेले, काहींमध्ये जवळजवळ निरोगी दिसू लागले, आणि औषध थांबविल्यावरही रोग उलटला नाही. विल्सनच्या रोगात औषध सोडता येत नाही, कारण तेथे दोष जन्मभराचा असतो. येथे सोडता आले. एव्हाना दुधाचे भांडे बदललेले होते.

नाझर : हे वजनदार आहे. पण दोन खाचा राहतात. ज्यांना लवकर औषध मिळाले, त्यांचा रोग मुळातच सौम्य असेल; आणि औषध ज्या घरांनी आणले, त्या घरांनी आणखीही दहा गोष्टी बदलल्या असतील.

डॉक्टर : असेल. मग तुम्हीच सांगा, १९८३ साली पुण्याच्या वॉर्डात उभे राहून तुम्ही काय केले असते? पुरावा पुरा होईपर्यंत आयांना ‘पितळेत दूध तापवत राहा’ म्हणाला असता?

नाझर : न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो.

डॉक्टर : आणि दवाखान्यात बालकाला. तपेलीला शिक्षा झाली तर तपेली माळ्यावर जाते. चूक निघाली तर पुन्हा खाली काढता येते. उलट चूक झाली तर ती दुरुस्त करायला कोणी उरत नाही.

माझ्या मते वादाचा खरा गाभा येथे होता. नाझरसाहेबांची पुराव्याची पद्धत चुकीची नव्हती. ती दुसऱ्या प्रसंगासाठी घडलेली होती. निरपराध माणसाला तुरुंगात धाडण्याच्या भीतीने न्यायाने जे कडक नियम रचले, ते पितळेच्या भांड्यासाठी रचलेले नाहीत. परंतु म्हणून वैद्यकाला वाटेल त्या संशयावर वाटेल ते बंद करण्याची सनद मिळते, असेही नाही. औषधाच्या बाबतीत, जेथे चुकीची किंमत रोग्याच्या अंगावरच पडते, तेथे नाझरसाहेबांचाच काटेकोरपणा हवा, आणि पेनिसिलामाइनच्या चाचण्यांवर त्यांनी घेतलेली हरकत मला आजही रास्त वाटते.

नाझर : आता ही मुले किती येतात तुझ्याकडे?

डॉक्टर : एकही नाही. माझ्या शिक्षणात मी या रोगाचे काप काचेवर पाहिले. मूल पाहिले नाही. पुण्याच्या भागात आयांना समजावून सांगितले गेले हे खरे. पण त्याच वर्षांत स्टील घरोघर आले हेही खरे, आणि कशाने किती झाले हे वेगळे काढता येत नाही. रोग गेला आणि त्याच्याबरोबर प्रश्न सोडविण्याचे साधनही गेले. रक्तातला तो दोष शोधायचा तर रुग्ण हवेत, आणि ते नाहीत. उलट आता एखादे मूल पोट पुढे आलेले, यकृत टणक झालेले आले, तर नव्या डॉक्टरला हे नावच सुचणार नाही.

नाझर : शाबिती होण्याआधी फिर्यादीच संपले, म्हणायचे. मिसल उघडी, पक्षकार गैरहजर.

डॉक्टर : आणि आरोपी पुन्हा बाजारात, पॉलिश करून, आरोग्यदायी म्हणून चढ्या भावाने.

नाझर : मग माझ्या उशाशी असलेला तांब्याचा तांब्याही जप्त करतेस काय?

डॉक्टर : नाही. रात्रभर ठेवलेले साधे पाणी तुम्ही खुशाल प्या. त्यात लिंबू पिळू नका, ताक ओतू नका, आणि त्याच तांब्यातले पाणी घालून बाळाचे दूध पातळ करू नका. तपेलीत काकूंनी गहू ठेवावेत, नाहीतर डाळ.

नाझर : कल्हई करून घेतली तर?

डॉक्टर : कल्हईवाला कोठे आहे?

नाझर : मेहकरला एक होता. त्याचा मुलगा आता मोबाइलची दुरुस्ती करतो. ते राहू दे. तू पुण्याला गेलीस की मला ते दस्तऐवज पाठव. इंग्रजीत असले तरी चालतील, मी कोश घेऊन बसेन. १९८३ चा, १९८७ चे दोन्ही, तिरोलचा.

डॉक्टर : पाठवते.

नाझर : आणि मॅसॅच्युसेट्सचा. तो आधी पाठव. उत्तरेतला जो तू घाईने सांगितलास, तोही.